लेखनगट दर वेळी तिसऱ्या महिन्यात का थंडावतो?

हौशी लेखकांचे ऑनलाइन अभिप्रायगट बहुतेक एकाच चालीनं विझतात. पहिल्या आठवड्यात बारा-पंधरा जण सामील होतात आणि गटाचं नाव काय असावं यावरच ढीगभर संदेश पडतात. दुसऱ्या महिन्यात कथा येत राहतात, पण त्यांच्याखाली अंगठे आणि जोडलेले हात एवढंच दिसतं. तिसऱ्या महिन्यात सुप्रभातची फुलं सुरू होतात. मग काही काळानं त्यातलाच एखादा नव्या लोकांना घेऊन नवा गट काढतो, आणि तोही याच वाटेनं जातो.

असं झालं की कारणं ठरलेली असतात. लोकांना वेळ नाही, आपल्याकडे टीका कुणाला सोसत नाही, सगळ्यांना फक्त कौतुक हवं असतं. यात थोडं तथ्य आहे, पण माणसं बदलूनही गट त्याच सुमारास बंद पडत असेल तर माणसांना दोष देऊन काय मिळणार? बिघाड बहुधा हिशोबात असतो. गट काढताना कुणी किती लिहायचं याची चर्चा होते. त्यामुळे प्रत्येकाला किती वाचावं लागेल, हे मात्र कुणी मांडून बघत नाही.

आधी हा हिशोब करा

समजा गटात १२ जण आहेत आणि दर पंधरवड्याला प्रत्येकानं ३,००० शब्दांपर्यंत काहीतरी द्यायचं ठरलं आहे. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला इतर ११ जणांचं लेखन, एकूण ३३,००० शब्द. नुसतं डोळ्याखालून घालायचं असतं तर जमलंही असतं. पण अभिप्राय द्यायचा तर एकदा सरळ वाचायचं, दुसऱ्यांदा टिपणं काढत वाचायचं आणि मग चार वाक्यं नीट लिहायची. एका कथेला सवा तास सहज जातो. ११ कथांचे पावणेचौदा तास, तेही दर पंधरा दिवसांनी. नोकरी-घर सांभाळून लिहिणाऱ्या कुणालाही हे झेपणार नाही. पहिल्या पंधरवड्यात माणूस मान मोडून सगळं वाचतो, दुसऱ्या पंधरवड्यात निम्मं वाचतो, तिसऱ्या पंधरवड्यात अंगठा देतो. अंगठा देणारा आळशी नसतो. त्याच्यावर वाचनाची थकबाकी चढलेली असते, आणि थकबाकीची लाज वाटली की माणूस गटात डोकावणंच सोडतो.

आता ५ जणांचा गट घ्या. पंधरवड्याला दोघांचीच पाळी, मर्यादा २,५०० शब्द. दहा आठवड्यांत पाच पंधरवडे, म्हणजे दहा पाळ्या. प्रत्येकाला दोनदा संधी. आपल्या दोन कथा सोडून प्रत्येकानं आठ कथांवर लिहायचं. आठ गुणिले सवा तास म्हणजे दहा आठवड्यांत दहा तास, आठवड्याला सरासरी एक. हे चालू शकतं. शिवाय आपल्या पाळीला चार अभिप्राय मिळतात. एखादा आजारी पडला तरी तीन उरतात, आणि तिघांपैकी दोघं एकाच जागी अडखळले असतील तर ती जागा दुरुस्त करायला हवी, एवढं लेखकाला कळतं.

म्हणून माझा आग्रह ५ किंवा ६ जणांचाच. चौघांत भागतं. तिघांत एक जण गैरहजर राहिला की एकच मत हाती येतं, आणि एकच मत फार जड होतं. आठांच्या वर गेलात तर दोन गट करा. "आणखी एक मैत्रीण आहे, छान लिहिते, घेऊ या का?" हा प्रश्न दर महिन्याला येईल. उत्तर असं द्यायचं: पुढच्या फेरीत.

फेरी हा यातला कळीचा भाग आहे. गट कायमचा काढू नका, दहा आठवड्यांचा काढा. ती एक फेरी. शेवटची तारीख आधीच ठरलेली असली की मधे कंटाळा आला तरी माणूस तेवढं रेटतो, आणि ज्याला बाहेर पडायचं आहे त्याला कुणाला न दुखावता बाहेर पडता येतं. अकराव्या आठवड्यात सुट्टी. बाराव्यात ज्यांना हवं त्यांनी पुन्हा नाव द्यायचं. गप्प बसणारा आपोआप बाहेर. त्याला काढून टाकण्याचा कटू प्रसंग येतच नाही.

वाचनाची परतफेड सक्तीची करावी का, हा जुनाच वाद आहे. १९९५ पासून चालणाऱ्या 'क्रिटर्स' या विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि भयकथा लिहिणाऱ्यांच्या ऑनलाइन कार्यशाळेत सदस्यानं साधारण चारपैकी तीन आठवडे तरी कुणाच्या तरी लेखनावर अभिप्राय द्यावा, अशी अट आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या 'क्रिटिक सर्कल'मध्ये दुसऱ्यांच्या लेखनावर लिहून क्रेडिट कमवायचे आणि ते खर्चून आपलं लेखन मांडायचं. अनोळखी माणसांच्या मोठ्या जमावात असं मोजमाप लागतंच. पाच जणांत मात्र गुणांचं कोष्टक ठेवलं तर लोक गुणांसाठी लिहायला लागतात. तिथे एकच नियम पुरेसा आहे: मागच्या पाळीचे अभिप्राय दिले नसतील तर तुमची पाळी एक घर मागे जाईल.

सगळे नुसतं "छान" लिहितात

गट लहान केला, पाळ्या लावल्या, तरी अभिप्राय गुळगुळीतच येतात, अशी तक्रार पुढे येते. याचं कारण भिडस्तपणा, असं आपण धरून चालतो. पण बऱ्याच जणांना बोलायची भीती नसते. काय बोलायचं तेच सुचत नाही. समीक्षा म्हणजे काहीतरी भारदस्त, असा समज असतो आणि भारदस्त काही सुचलं नाही की माणूस "छान" लिहून मोकळा होतो. एक उदाहरण घेऊ. समजा कथेची सुरुवात अशी आहे:

"पाऊस थांबला. वसुधा दार उघडून बाहेर आली. तिच्या मनात भीतीचं काहूर माजलं होतं. समोर अविनाश उभा होता, पाच वर्षांनी. ती काहीच बोलली नाही. तिला सगळं आठवलं."

यावर "सुंदर! पुढचा भाग लवकर टाका" हा अभिप्राय निरुपयोगी, हे उघड आहे. पण "भाषा आणखी प्रभावी हवी, व्यक्तिरेखेला खोली नाही" हाही तितकाच निरुपयोगी. फक्त तो कडक दिसतो, म्हणून खपून जातो. तो वाचून लेखिकेनं उद्या सकाळी नेमकं काय करायचं?

आता हा बघा: "अविनाश दिसण्याआधीच वसुधा घाबरलेली आहे, म्हणून तो येणार हे तिला माहीत असावं असं मी धरलं. मग 'पाच वर्षांनी' वाचलं आणि गोंधळलो, कारण ते अचानक भेटल्यासारखं वाटतं. 'तिला सगळं आठवलं' इथे माझं लक्ष सुटलं. एक तरी ठोस गोष्ट आठवायला हवी होती." यात साहित्यशास्त्राचा एकही शब्द नाही. वाचताना आपलं काय झालं, कुठल्या वाक्याला झालं, एवढंच आहे, आणि ते कुणालाही लिहिता येतं.

म्हणून नवीन गटात तीनच प्रश्न ठेवा. कुठे गुंतलात? कुठे अडलात किंवा लक्ष सुटलं? आणि दोन वाक्यांत सांगा, या कथेत काय घडलं? तिसरा प्रश्न दिसतो साधा, पण सर्वांत जास्त कामाचा तोच. लेखिकेला वाटतं आपण क्षमेची गोष्ट लिहिली, आणि चारपैकी तिघं लिहितात, "तिनं त्याचा सूड घेतला." मग दुसऱ्या कुठल्या टीकेची गरजच उरत नाही. उपाय मात्र वाचकानं सुचवू नये, निदान पहिल्या फेरीत तरी. "शेवटी तिला मरू द्या" अशी सूचना आली की चर्चा त्या मरणावर वळते आणि शेवट का पटला नाही हे बाजूला राहतं.

अभिप्राय किमान अमुक शब्दांचा असावा, असा नियम काही गट करतात. त्यानं फक्त पाणी वाढतं.

लेखकाचंही एक काम आहे. मसुद्याच्या वर दोन ओळी टाकायच्या: हा कितवा खर्डा आहे आणि काय तपासून हवं आहे. "तिसरा खर्डा. संवाद खरे वाटतात का आणि मधला भाग लांबला आहे का, एवढं सांगा. शीर्षक बदलणार आहे, त्यावर नको." असं लिहिलं की वाचणाऱ्याचा निम्मा वेळ वाचतो. पहिला खर्डा गटात आणूच नये, असं माझं मत आहे. ज्या चुका तुम्हाला स्वतःला दिसताहेत त्या चार जणांकडून वदवून घेण्यात त्यांचा वेळ जातो आणि तुमचा धीर सुटतो. आपल्याला करता येण्यासारखं सगळं करून झालं आणि तरी काहीतरी खटकतंय, अशा वेळी मसुदा आणावा.

अभिप्राय म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची यादी

हा आजार मराठी गटांत हमखास आढळतो. कथा काय आहे यावर अवाक्षर नाही आणि "आणी नव्हे, आणि" अशा बारा दुरुस्त्या. शुद्धलेखन महत्त्वाचं आहेच, पण ते शेवटच्या खर्ड्याचं काम. जो परिच्छेद उद्या कापला जाणार आहे त्यातल्या वेलांट्या आज सुधारून उपयोग काय? नियम असा करा: लेखकानं वर "मुद्रितशोधनही चालेल" असं लिहिलं असेल तरच त्या दुरुस्त्या द्यायच्या, त्याही वेगळ्या, सगळ्यात खाली.

बोलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. संवादात पात्र आपल्या बोलीत बोलत असेल तर तिथे प्रमाणभाषेचे नियम लावून काना-मात्रा सुधारू नका. मात्र बोली एकसारखी नसेल, म्हणजे पात्र एका पानावर एक बोलतं आणि पुढच्या पानावर पुस्तकी होतं, तर ते जरूर सांगा. ती शुद्धलेखनाची बाब नाही, पात्राची आहे.

पहिला जे म्हणतो तेच बाकीचे म्हणतात, आणि मग वाद

सामायिक दस्तऐवजात पहिल्यानं "सुरुवात संथ आहे" अशी टिप्पणी टाकली की पुढचे तिघं ती वाचूनच कथेकडे वळतात. चार अभिप्राय आल्यासारखे दिसतात. खरं तर एकच आलेला असतो. उपाय सोपा आहे. ठरलेल्या दिवसापर्यंत प्रत्येकानं अभिप्राय थेट लेखकालाच पाठवायचा. चारही पोचले की लेखक ते एकत्र करून गटात टाकेल. लोक स्वतःच्या डोळ्यांनी वाचू लागतात, आणि मतं आश्चर्य वाटावं इतकी वेगळी निघतात.

वादाचं मूळ बहुतेक वेळा लेखकाच्या स्पष्टीकरणात असतं. "तुम्हाला कळलं नाही, मला असं म्हणायचं होतं..." हे पहिल्याच अभिप्रायाखाली आलं की दुसऱ्या वाचकाचा हात आखडतो. १९५६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड इथे डेमन नाइट आणि इतर विज्ञानकथालेखकांनी कार्यशाळा सुरू केली. तिथल्या रिवाजानुसार प्रत्येकानं पाळीपाळीनं बोलायचं, मधे कुणी तोंड घालायचं नाही, आणि लेखकानं सर्वांचं संपेपर्यंत गप्प बसायचं. शेवटी त्याला बोलायची संधी. पुढे १९६८ मध्ये सुरू झालेल्या क्लॅरियन कार्यशाळेनं हीच रीत उचलली. लिहून होणाऱ्या गटात ती सहज बसते: चारही अभिप्राय येईपर्यंत लेखकानं "मिळालं, आभार" यापलीकडे काही लिहायचं नाही. त्यानंतरही खुलासे न करता प्रश्न विचारले तर जास्त पदरात पडतं.

पण ही गप्प बसायची रीत सगळ्यांना मानवत नाही. नव्यानं लिहू लागलेल्यांना, किंवा जिथे मजकूर लेखकाच्या आयुष्याशी फार जवळचा आहे तिथे, ती अंगावर येते. अशा वेळी नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये आखलेली चार पायऱ्यांची पद्धत वापरून बघा. आधी वाचक सांगतात, त्यांना काय भिडलं, काय लक्षात राहिलं. मग लेखक आपले प्रश्न विचारतो. मग वाचक प्रश्न विचारतात, पण त्यात मत दडलेलं नको, "शेवट इतका घाईत का केलात?" हा प्रश्न नव्हे, ते प्रश्नाच्या कपड्यातलं मत झालं. सर्वात शेवटी, "शेवटाबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?" असं विचारून मत द्यायचं. लेखक नाही म्हणू शकतो. वेळ जास्त लागतो, पण रुसून गट सोडण्याचे प्रसंग कमी होतात.

तांत्रिक किरकोळ

यावर फार शब्द नकोत, पण गट बंद पडायला हीही कारणं पुरतात. कथा व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवू नका. वर ढकलली जाते आणि दोन दिवसांनी सापडत नाही. व्हॉट्सअ‍ॅप फक्त वेळापत्रकासाठी ठेवा, आणि पिन केलेला संदेश जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो हे लक्षात ठेवून तो पुन्हा पिन करत चला. मजकूर गूगल डॉक्सवर द्या आणि लिंक देताना वाचण्यापुरतीच परवानगी द्या, म्हणजे एकाची टिप्पणी दुसऱ्याला आधी दिसणार नाही. संपादनाची दिलीत तर एखादा उत्साही सदस्य तुमचं वाक्य परस्पर बदलून ठेवतो. तसं झालंच तर आवृत्तींच्या इतिहासातून मूळ परत मिळतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली फाइल दुसऱ्याकडे उघडली की नुसती चिन्हं दिसतात, म्हणून मजकूर युनिकोडमध्येच हवा. समोरासमोर बोलायचं असेल तर झूमची मोफत बैठक ४० मिनिटांत तुटते, त्यामुळे एका बैठकीत दोनच कथा घ्या.

कविता आणि कादंबरी एकाच गटात

शब्दमर्यादेच्या हिशोबात कविता फसवते. चौदा ओळी वाचायला मिनिट पुरतं, पण त्यावर काही अर्थपूर्ण लिहायला कथेइतकाच वेळ जातो. त्यामुळे "कविता लहान असते, पाच टाकतो" याला नाही म्हणा. एका पाळीला दोन पुरेत. गझल किंवा वृत्तबद्ध कविता असेल तर गटात निदान एकाला तरी काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर तसाच पुन्हा येणारा शब्द), मात्रा कळत असाव्यात. नसतील तर तांत्रिक बाजू सोडून आशयावरच बोलायचं, असं आधी ठरवून घ्या. नाहीतर अर्धवट माहितीवर मोठमोठी विधानं होतात.

कादंबरीवाल्यांचं दुखणं निराळं. दहा आठवड्यांत दोन पाळ्या म्हणजे ५,००० शब्द. या गतीनं ६०,००० शब्दांच्या कादंबरीला बारा फेऱ्या लागतील, आणि तेराव्या प्रकरणापर्यंत पहिलं कुणाला आठवणार नाही. गटात फक्त सुरुवातीची प्रकरणं आणि जिथे तुम्ही अडलात ती प्रकरणं आणा, वर पाच ओळींत मागचा सारांश द्या. पूर्ण मसुदा वाचून हवा असेल तर गटातल्या एखाद्या कादंबरीवाल्याशी बाहेर अदलाबदल करा: तुझी मी वाचतो, माझी तू वाच. ते गटाच्या हिशोबात धरू नका.

सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर

आठवण करायची, लिंका गोळा करायच्या, रुसलेल्यांना समजवायचं, हे सगळं गट काढणाराच करत असेल तर तो थकला की गट संपला. फेरीगणिक समन्वयक बदला. कामं तीनच: पाळ्यांची यादी लावणं, मुदतीच्या दोन दिवस आधी एकदा आठवण करणं, आणि कुणी वैयक्तिक पातळीवर घसरलं तर त्याला खासगीत सांगणं. गटात सर्वांसमोर झाडाझडती घेतली की ज्याचं काही चुकलेलं नाही तोही पुढच्या वेळी जपून लिहितो.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी लेखी ठरवा. गटातला मजकूर गटाबाहेर जाणार नाही, स्क्रीनशॉटही नाही. अनेक नियतकालिकं आणि स्पर्धा अप्रकाशित साहित्यच मागतात, आणि समाजमाध्यमावर सर्वांना दिसेल असं टाकलेलं लेखन काही ठिकाणी प्रकाशित धरलं जातं. त्यामुळे गट बंद हवा, लिंक फक्त सदस्यांनाच उघडणारी हवी, आणि कथा कुठे पाठवायची ठरली की लेखकानं लिंक बंद करावी.

आधीच थंडावलेला गट पुन्हा सुरू करायचा असेल तर

जुन्या गटात "चला, पुन्हा सुरू करू या!" असा संदेश टाकू नका. दहा अंगठे येतील आणि काही होणार नाही. त्याऐवजी ज्या चार-पाच जणांनी पूर्वी खरोखर वाचून लिहिलं होतं, त्यांना वेगवेगळं विचारा. संदेश साधारण असा:

"दहा आठवड्यांची एक फेरी करतोय. पाच जण, पंधरवड्याला दोन कथा, २,५०० शब्दांपर्यंत. तुम्हाला दोनदा पाळी मिळेल आणि आठ कथांवर लिहावं लागेल, म्हणजे आठवड्याला साधारण एक तास. जमेल का? नाही म्हटलंत तरी चालेल, रविवारपर्यंत कळवा."

कामाचा आकडा आधीच सांगितल्यामुळे जो हो म्हणतो तो विचार करून म्हणतो. रविवारपर्यंत उत्तर न देणाऱ्याला पुन्हा विचारू नका. चौघं जमले तर फेरी सुरू करा. दोघंच जमले तर गट न म्हणता आपापसांत मसुदे बदलत राहा आणि तिसऱ्या-चौथ्याची वाट बघा. जुना गट तसाच राहू द्या, सुप्रभातसाठी.